आक्काला सांगितलेल्या बातम्या

मी लग्न होऊन चकलांब्याला आले आणि पहिली काही वर्षं ते गाव मी कानांनीच पाहिलं. आमच्याकडे सुनांनी उंबऱ्याबाहेर पडायचं ते पाण्याला, देवाला नाहीतर रानात, आणि तेही आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मागून खाली मान घालून. समोरून कोण आलं ते पायातल्या वहाणांवरून ओळखायचं. पण आमच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत, आणि त्याच्या कठड्याला लागूनच खाली वाण्याचं दुकान. दर सोमवारी दुपार कलली की त्या दुकानाच्या ओट्यावर एक माणूस आपल्या बायकोशी बोलायला बसायचा. त्या वेळेला मी डाळीचं सूप घेऊन माळवदावर जायची. आमच्या घरात सोमवारी जेवढी डाळ निवडली गेली तेवढी बाकीचा आठवडा मिळून निवडली गेली नसेल.

त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला आक्का. जातीने लिंगायत, धंदा किराण्याचा. उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आणि ऊन असो नसो काखेत एक काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ती भिजू नये म्हणून ते सदऱ्याखाली धरायचे आणि स्वतः भिजत घरी यायचे. दुकानदार म्हणून तसे अर्धेच. गूळ मागितला तर मीठ बांधून द्यायचे, कारण हात तराजूवर आणि कान गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर. पुडी बदलून मागायला गेलं की आधी, "बरं, मग काय झालं पुढं?" असं विचारायचे.

सोमवार त्यांचा शंकराचा वार. सकाळी लिंगपूजा, दुपारपर्यंत धंदा, मग दुकानाला फळ्या लावून ओट्यावर घोंगडं टाकायचे. आक्का भिंतीला टेकून बसायच्या. आक्कांना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी कसल्याशा तापातून उठल्या त्या अशा. दिवसभर दुकानात माणसं यायची, बोलायची, हसायची, आणि त्या नुसत्या तोंडाकडे बघत बसायच्या. म्हणून आप्पा आठवड्याचं सगळं साठवून ठेवायचे आणि सोमवारी त्यांना सांगायचे. कानात जावं म्हणून ओरडून सांगायचे. ते ओरडणं अर्ध्या गावाला ऐकू जायचं. मग लोक येऊन समोर बसायला लागले. हे सगळं माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं होतं.

तो काळ निजामाच्या राज्यातला. चावडीवर जो कागद यायचा तो उर्दूत, आणि तो वाचून दाखवणाराही अर्धं गिळायचा. वर्तमानपत्र गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. नगरकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, सामान बांधून आलेला एखादा छापील तुकडा आप्पा जपून ठेवायचे. पण त्यातलं कधी सांगायचे नाहीत. ती माणसं आपल्या ओळखीची नाहीत, त्यांना विचारणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

कारण विचारल्याशिवाय ते कुणाचीच बातमी सांगत नसत. आपण बायकोशी बोलतो ते सगळं गाव ऐकतं, हे त्यांच्या लक्षात आल्यापासून त्यांनी हा नेम धरला होता. ज्याची बातमी त्याच्या दारात जायचे, छत्री उंबऱ्याला टेकवायचे आणि जसं सोमवारी सांगणार तसं म्हणून दाखवायचे. "कुंभाराची गाढवीन व्याली. शिंगरू उभं ऱ्हायलं. सांगू का?" कुंभार हो म्हणाला तर सांगायचं, नको म्हणाला तर ती बातमी संपली. मग आक्कांनी कितीही खोदून विचारलं तरी नाही.

सांगण्याचा क्रमही ठरलेला. आधी पाणी, मग जनावरं, मग माणसं. कुठल्या विहिरीला किती पाणी राहिलं, कुणाची गाय आटली, कुणाच्या शेळीला दोन पाटी, म्हणजे माद्या पिल्लं, झाल्या, आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या पोराचं लग्न ठरलं किंवा कुणाकडे पाहुणा आला. एखादा घाई करायला लागला तर आप्पा त्याच्याकडे बघायचे आणि विहिरींपासून पुन्हा सुरू करायचे.

आक्का मधेमधे विचारायच्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्याही ओरडूनच विचारायच्या, आणि सगळ्यांच्या मनात असलेलं नेमकं तेच विचारायच्या. पोरीला काय घातलं, मुलाला शेती किती, म्हातारी काय म्हणाली. एकदा गेवराईला पहिली मोटार आली असं ऐकून आप्पा खास ती बघायला चालत गेले. पुढच्या सोमवारी त्यांनी मोटारीचं सगळं वर्णन केलं, चाकं, भोंगा, आत बसायची गादी. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर शेन कुठं टाकती?" लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ते आपण बघितलं नाही, असं त्यांनी कबूल केलं.

कुणी गेल्याची बातमी मात्र ते ओरडून सांगत नसत. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवायचे, आक्कांचा हात धरायचे आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या दिशेला मान वळवायचे. शब्द नसायचा. आक्कांचा चेहरा दिसायचा. त्यांनी डोळे मिटले की बायामाणसं समजून जायची.

दोघांची बातमी असेल तर दोघांनाही विचारायचं. आमच्या मागच्या आळीत दोन जावा होत्या, दोघींना सुना आलेल्या. वाटणीत एकच उखळ आलं, त्यावरून त्यांचं वाजलं, आणि दोघींनाही वाटलं की आप्पांनी हे सांगावं, म्हणजे दुसरी कशी आहे ते गावाला कळेल. दोघींची बातमी वेगवेगळी. आप्पांनी दोघींना दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं की दोघी मिळून एक बातमी द्या, ती मी सांगतो. त्या दिवस मावळेपर्यंत भांडत बसल्या. मधे एकीने दुसरीला पान दिलं. शेवटी एवढ्यावर त्यांचं जमलं की उखळ दगडी आहे आणि ते थोरलीच्या परसात आहे. आप्पांनी सोमवारी एवढंच सांगितलं. आक्कांनी विचारलं, "मग ह्यात बातमी काय?" थोरली गर्दीतून म्हणाली, "तेच तर."

हे ऐकायला गोड वाटतं, पण त्या नेमापायी एकाचं नुकसानही झालं. गावातल्या एकाने आपला बैल खालच्या आळीतल्या माणसाला विकला. बैल दिसायला देखणा, पण जुवाखाली बसायची खोड. आप्पांना ते ठाऊक होतं. विकणाऱ्याच्या दारात जाऊन त्यांनी विचारलं होतं, बैलाची खोड सांगू का, आणि तो अर्थातच नको म्हणाला होता. पेरणीच्या ऐन दिवसांत बैल तासात, पेरणीच्या ओळीतच, बसला तो उठेना. तो माणूस थेट दुकानावर आला. मी माळवदावर होते. तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्याने विचारलं. होतं, असं आप्पा म्हणाले.

"मग कावून सांगितलं न्हाई?"

"इकनाऱ्याला इचारलं. त्यो नको म्हनला."

तो माणूस रागावला नाही. पायरीवर बराच वेळ बसून राहिला आणि उठून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्या ऐकायची माझी तयारी होती; त्याचं गप्प बसणं मला सोसवेना. आप्पांनाही सोसलं नसावं. त्या सोमवारी त्यांनी फक्त विहिरी सांगितल्या आणि घोंगडं झटकून आत गेले. पुढे बरेच दिवस ते कुणाशीही बोलताना एकच विचारायचे की बातमी खरी कुणाची, जो करतो त्याची की ज्याच्यावर बेतते त्याची. लोक म्हणायचे, आप्पांना म्हातारपण लागलं.

माझं माहेर आंबेजोगाईजवळचं. बैलगाडीने मुक्काम करत करत चार-पाच दिवस लागायचे, म्हणून लग्नानंतर एकदाच जाणं झालं होतं. वडील आधीच गेलेले, घरात आई आणि भाऊ. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला मला पाचवा लागला तेव्हा माघाचा महिना होता, शाळू काढणीला आला होता. आमच्या घरात बाळंतपणाला सुना माहेरी जात नसत. का, ते कुणी सांगत नसे आणि मी विचारत नसे.

एक दिवस आप्पा आमच्या दारात आले. मी चुलीपुढे होते. ओट्यावर माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, गावात सगळे पाटील म्हणायचे, ते बसले होते. बोलणं ऐकू आलं नाही, पण मामंजींचा आवाज आखडलेला होता. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या बाहेर पाठवला तो तसाच परत आला. आमच्या घरातून पाणी न पिता आप्पा गेले असं कधी झालं नव्हतं. आत्याबाईंना काय झालं विचारलं तर त्या म्हणाल्या, काही नाही, उधारीचं असेल. पण त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

त्यानंतरचा सोमवार. मी सूप घेऊन वर गेले. खाली नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, बाजार करून परतणारीही थांबली होती. आप्पांनी विहिरी सांगितल्या. जनावरं सांगितली. एका घरी नामकरण होतं, ते सांगितलं.  आक्का म्हणाल्या, "मग?" आप्पा उठून उभे राहिले. ते कधी उभं राहून बोलत नसत. आमच्या माळवदाकडे वळले, पण माझ्याकडे बघितलं नाही, कठड्याकडे बघत बोलले.

"पाटलाच्या धाकट्या सूनबाई, तुमच्या म्हायेरची एक बातमी माझ्याकडं हाय. तुमच्या घरच्यांनी नको म्हनलं. पर बातमी तुमची हाय. तुमी म्हनाल तसं करतो. सांगू का नको?"

सगळ्या माना वर झाल्या. मी पदर पुढे ओढला.  माहेरची बातमी आणि घरच्यांनी नको म्हटलेली, म्हणजे ती कसली असणार हे कळायला वेळ लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट ही की मला उत्तर द्यायचं होतं. त्या गावात परक्या पुरुषाने माझा आवाज ऐकलेला नव्हता. मी पायऱ्या उतरून खाली गेले असते तर ते बोलणं तिथेच संपलं असतं, आणि घरात कुणी मला काही म्हणालं नसतं. मी कठड्याला धरलं आणि म्हणाले, "सांगा."

आक्का मोठ्यांदा म्हणाल्या, "काय म्हनली ती? मला न्हाई ऐकू आलं."

कुणी हसलं नाही. आप्पा तसेच उभे. माझ्या लक्षात आलं की आक्कांनाच काय, आप्पांनाही माझं बोलणं ऐकू गेलेलं नव्हतं. मग मी पदर मागे घेतला आणि माझ्या आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने म्हणाले, "सांगा आप्पा. मला सांगा."

"आधी ह्ये ऐका, आई जित्ती हाय," ते म्हणाले. मग बाकीचं सांगितलं. आंबेजोगाईच्या बाजारातून आलेल्या एका बैलाच्या व्यापाऱ्याने त्यांना कळवलं होतं. आई दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. अन्न जात नव्हतं. माझं नाव घेत होती. भावाने दोनदा निरोप धाडला होता, आणि दोन्ही निरोप आमच्या घरी पोचले होते.

मी खाली आले. आत्याबाई जात्यापाशी बसून रडत होत्या. त्यांनी माझा हात धरला, पण मी तो सोडवून घेतला. मामंजी रानातून यायच्या आधीच त्यांना वाटेत बातमी कळली होती. ते आले, ओट्यावर बसले, हातपाय धुतले नाहीत. माझे यजमान त्यांच्यासमोर कधी बोलत नसत, त्या दिवशी म्हणाले, मी गाडी जुंपणार आहे. मामंजींनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला समोर बोलावलं. लग्नानंतर ते माझ्याशी थेट पहिल्यांदाच बोलले.

"माझी बहीन अशीच म्हायेरी निगालती," ते म्हणाले. "गाडीत बसून. मी गाडी हाकीत व्हतो. नदीच्या अलीकडंच गेली. मूलबी गेलं. मी तवा मिसरूड फुटलेला पोरगा."

एवढं बोलून ते उठले, गोठ्यात गेले आणि गाडीत स्वतःच्या हाताने कडबा अंथरायला लागले. वर गोधड्या टाकल्या, त्यावर आत्याबाईंची नवी वाकळ टाकली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही निघालो. आत्याबाई माझ्यासोबत. मामंजींनी यजमानांना बजावलं की बैल कुठेही पळवायचे नाहीत, पोचायला दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. ते अंतर कसं कापलं ते आता आठवत नाही. आत्याबाई रात्रंदिवस माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या, एवढं आठवतं.

आई होती. तिने मला ओळखलं. मी तिला महिनाभर चमच्याने पेज भरवली, तिच्या केसांना तेल लावलं, आणि ती माझ्या पोटाला कान लावून पडून राहायची. चैत्र लागता लागता ती गेली. आषाढात मला मुलगी झाली, तिथेच, भावाच्या घरी.

मूल घेऊन चकलांब्याला परत आले तेव्हा आमच्या घरात आप्पांच्या दुकानाचं नाव निघत नव्हतं. मामंजींनी मला दोष दिला नाही, पण त्यांच्या घरातली गोष्ट भर बाजारात काढली हे त्यांना विसरता येत नव्हतं. मीठमिरची आम्ही गेवराईहून आणायला लागलो. आज मीही सासू आहे. त्यांचं भय खोटं नव्हतं हे मला कळतं. आणि आप्पांनी विचारलं नसतं तर मी काय गमावलं असतं तेही कळतं. ह्या दोन्हींची बेरीज मला कधी करता आली नाही.

त्याच सुमारास कुणीतरी वर कळवलं की चकलांब्यात एक वाणी दर आठवड्याला माणसं जमवून भाषण करतो. त्या दिवसांत चार माणसांपुढे उभं राहून बोलायलाही सरकारची परवानगी लागायची. कळवलं कुणी ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात मी ते विचारलं नाही. एका सोमवारी पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, मागे दोन शिपाई. मी माळवदावर होते, मांडीवर मुलगी.

अमीनसाहेबांनी विचारलं, हा काय जलसा लावलाय. आप्पांनी हात जोडून सांगितलं की जलसा नाही, बायकोशी बोलतो.

"बीवी से बात करने को इत्ता चिल्लाना पडता?"

"तिला ऐकू येत न्हाई, सायेब."

अमीनसाहेबांना ही थट्टा वाटली. ते आक्कांजवळ गेले आणि हळूच विचारलं की तुमचं नाव काय. आक्का म्हणाल्या, बसा, पाणी आणते. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, गूळपन हाय. एक शिपाई तोंड फिरवून हसला. पण अमीनसाहेब कच्चे नव्हते. गावातल्या कुणा मातब्बराला विचारू म्हणाले आणि मामंजींना बोलावणं धाडलं. मी वरून बघत होते. मामंजी आले. गेले कित्येक महिने ते त्या ओट्यासमोरून जाताना मान वळवून जात होते. अमीनसाहेबांनी त्यांना विचारलं की हा माणूस सरकारविरुद्ध काही बोलतो का.

मामंजी आप्पांकडे न बघता बोलले. "ह्या मानसानं चारचौघांत माझी अब्रू काढली. मी त्याच्या दुकानातली चिमूटभर हळद घेत न्हाई. पर त्यो खोटं बोलत न्हाई. आन सरकारचं तर त्यो बोलूच शकत न्हाई."

"क्यों?"

"ज्याची बातमी त्याला इचारून सांगतो. सरकारला इचारायला हैदराबादेला कोन जानार?"

अमीनसाहेबांना हे समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते घोंगड्याच्या कडेला बसले, पाणी प्यायले, गूळ खाल्ला. दूरवरून आलेले, घामेजलेले होते. ओट्यापुढे इथून पुढे माणसं जमायची नाहीत, एवढा हुकूम त्यांनी दिला. बायकोशी बोलायला मनाई नाही. ते घोड्यावर चढत असताना आप्पा छत्री घेऊन पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "सायेब, तुमी आलात ही बातमी हाय. पुढल्या सोमवारी सांगू का?" अमीनसाहेब आधी खोगिरावर नीट बसले. मग मान हलवून नाही म्हणाले. आप्पांनी ती शेवटपर्यंत सांगितली नाही.

हुकमाप्रमाणे ओट्यापुढे कुणी जमेना. पण आप्पांचा आवाज तोच होता. पुरुष आपापल्या ओट्यांवरून ऐकायला लागले. आणि पुरुष समोरून हलल्यावर बायका माळवदांवर यायला लागल्या. आधी कुणी वाळवण घेऊन, कुणी पोर घेऊन, पुढे नुसत्याच. सोमवारी दुपारी सगळ्या आळीच्या छतांवर लुगडी दिसायची. आम्ही एकमेकींची तोंडं अशी पहिल्यांदा पाहिली. तोवर आम्ही एकमेकींच्या टाचा ओळखत होतो.

त्या वर्षीच्या दिवाळीला मामंजींनी मला सांगितलं की पोह्याला गूळ आप्पांच्या दुकानातून आणा. मी स्वतः गेले. आप्पांनी मीठ बांधून दिलं. ते घरी आल्यावर उघडलं तेव्हा मामंजी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

आक्का काही वर्षांनी गेल्या, झोपेतच. त्यानंतर आप्पा सोमवारी ओट्यावर बसले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, सांगू कुणाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकान मोडून ते आंबेजोगाईला पुतण्याकडे राहायला गेले. जाताना सगळ्या दारांत जाऊन आले, आमच्याही.

पुढे भावाकडे गेले असताना मी त्यांना शोधत पुतण्याच्या दुकानी गेले. मुलगी माझ्याबरोबर होती, लग्नाच्या वयाला आलेली. आप्पा मागच्या पडवीत बसले होते, आणखी वाळलेले. पुतण्याची बायको म्हणाली की आप्पा दिवस दिवस बोलत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसले आणि गावाचं सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, मुलीकडे बघत होते. मग मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. म्हटलं, आप्पा, त्या दिवशी मी भीतीने नको म्हणाले असते तर?

"तर न्हाई सांगितलं असतं."

"आणि आई तशीच गेली असती तर?"

"तरीबी न्हाई."

मला वाईट वाटलं. ते त्यांना दिसलं असावं. मग ते स्वतःहून म्हणाले की आदल्या दिवशी त्यांनी नवस बोलला होता. सूनबाईच्या तोंडून हो निघू दे, मी अनवाणी कपिलधारला येतो. कपिलधार म्हणजे बीडच्या पलीकडे डोंगरात, त्यांच्या लोकांचं मोठं ठिकाण. चकलांब्याहून चालत दोन-तीन दिवसांची वाट. मी आईला पेज भरवत होते त्या महिन्यात ते दोघं जाऊन आले होते. ही गोष्ट त्यांनी गावात कुणालाच सांगितली नव्हती.

"आक्कापन अनवाणीच व्हती," ते म्हणाले. "वाटभर इचारीत व्हती, आपन कावून चाललोय. वरडून सांगावं तर रानातली मानसं ऐकतेत. तुमची गोष्ट, तुमाला न इचारता कशी सांगू. म्हून घरला येऊन दार लावीस्तोवर बोललोच न्हाई."

"मग सांगितल्यावर काय म्हणाल्या?"

आप्पांनी पायांच्या तळव्यांवरून हात फिरवला, जणू ते दोघं आत्ताच चालून आले होते.

"म्हनली, आधी सांगितलं असतं तर जरा झपाझप चालले असते."